जुनी सायकल आणि विकणाऱ्याचे मौन

नवी सायकल घ्यावी की वापरलेली, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या कक्षेत येतो असे सहसा कोणी मानणार नाही. तो खिशाचा प्रश्न आहे, फार तर आवडीनिवडीचा. धर्मगुरूने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, असेही कोणी विचारील. परंतु धर्मग्रामातील तरुण मुले आणि त्यांचे आईवडील हा प्रश्न आमच्यापुढे मांडतात, तेव्हा रुपयांच्या हिशेबाबरोबर आणखी तीन प्रश्न त्यात मिसळलेले असतात. गरज कोणती आणि हौस कोणती? वापरलेल्या वस्तूची रास्त किंमत म्हणजे काय? आणि विकणाऱ्याने घेणाऱ्याला किती सांगितले पाहिजे? यांतला तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि त्यावरच आम्हांला मुख्यतः लिहावयाचे आहे.

आमच्या वडिलांच्या पिढीत सायकल म्हणजे काळ्या रंगाची, लोखंडी, वीस किलोंच्या आसपास वजनाची भक्कम वस्तू असे. तिच्यावरून केळीचे घड बाजारात गेले, फुलांच्या टोपल्या स्टेशनवर गेल्या, मुले शाळेत गेली आणि रविवारी माणसे मिस्सेलाही गेली. ती विकण्याचा प्रसंग क्वचितच येई. बापाची सायकल मुलाकडे येई आणि पुढे गंजून संपे. आज वसईत, मुंबईत, पुण्यात तरुणांच्या हाती दिसते ती रोड बाईक निराळ्या जातीची आहे. बारीक टायर, खाली वळलेले हँडल, ॲल्युमिनियमची किंवा कार्बनची फ्रेम, आणि एकूण वजन आठ ते अकरा किलो. तिच्यावर बसून ही मुले पहाटे घोडबंदरच्या रस्त्याला लागतात. काही जण साडेतेरा तासांच्या मुदतीत 200 किलोमीटर अंतर कापण्याची ‘ब्रेव्हे’ नावाची दौडही पुरी करतात. व्यायाम होतो, संगत चांगली मिळते, मन प्रसन्न राहते. आम्हांला या छंदाचे कौतुकच आहे.

मात्र हा छंद स्वस्त नाही. नवी रोड बाईक साधीसुधी घ्यायची म्हटली तरी काही दहा हजार रुपये लागतात आणि वरच्या प्रतीची लाखांच्या घरात जाते. साहजिकच वापरलेल्या सायकलींचा बाजार वाढला आहे. ओळखीपाळखीतून, सायकलस्वारांच्या मंडळांतून, मोबाइलवरच्या जाहिरातींतून सायकली एका घरातून दुसऱ्या घरात जातात. या व्यवहारात बहुधा पावती नसते, हमी नसते, मध्ये दुकानदार नसतो. एका घराने सांगितलेले दुसऱ्या घराने खरे मानायचे, एवढाच त्याला आधार असतो. म्हणून हा लहानसा व्यवहार विचार करण्याजोगा आहे.

गरज आणि हौस

ख्रिस्ती परंपरेने चार प्रमुख सद्गुणांत विवेकाला पहिले स्थान दिले आहे. विवेक म्हणजे भित्रेपणा नव्हे आणि कंजूषपणाही नव्हे. योग्य हेतूसाठी योग्य साधन निवडण्याची बुद्धी म्हणजे विवेक. तेव्हा नवी की जुनी हे ठरवण्याआधी सायकल कशासाठी हवी, हे स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवले पाहिजे.

सोळा वर्षांच्या मुलाचे उदाहरण घेऊ. रोड बाइकची फ्रेम अंगाच्या मापाची असावी लागते. ती सेंटिमीटरांत मोजतात. कपडे घेताना आपण वाढत्या अंगाचे घेतो, तशी सायकल घेता येत नाही. मोठ्या मापाच्या फ्रेमवर पाठ आणि गुडघे दुखतात आणि ब्रेकपर्यंत हातही नीट पोहोचत नाही. आज बेताची बसलेली सायकल दोन वर्षांत त्याला लहान पडेल. अशा मुलासाठी कर्ज काढून नवी महागडी सायकल घेणे शहाणपणाचे नाही. चांगल्या स्थितीतली वापरलेली सायकल त्याला पुरे आहे, आणि दोन वर्षांनी तो ती दुसऱ्या एखाद्या मुलाला देऊ शकेल. उलट, रोज पंचवीस किलोमीटर सायकलने कामावर जाणारी, परंतु यंत्रातले काही न कळणारी आणि ते जाणणारे कोणी जवळ नसलेली व्यक्ती असेल, तर तिने नवी घेणे हाच विवेक ठरू शकेल. बऱ्याच कंपन्या फ्रेमची दीर्घ हमी पहिल्या खरेदीदारालाच देतात. ती सायकल दुसऱ्याच्या हाती गेली की हमी संपते. जुने घेणे नेहमीच अधिक पुण्याचे आणि नवे घेणे म्हणजे चैन, असा सोपा नियम म्हणूनच करता येत नाही.

पोप संत दुसरे जॉन पॉल यांनी 1991 सालच्या ‘सेंतेसिमुस आन्नुस’ या विश्वपत्रात सांगितले आहे की, अधिक चांगले जगावे असे वाटण्यात काही गैर नाही; आपण कोण आहोत यापेक्षा आपल्याजवळ काय आहे याला मोल देणारी जीवनपद्धती गैर आहे. शेजाऱ्याच्या मुलाकडे कार्बनची आली म्हणून आपल्याकडेही हवी, या मागणीत सायकल नसते, शेजारी असतो. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ मध्ये वस्तू टाकून न देता पुन्हा वापरणे हे योग्य हेतूने केले तर प्रेमाचे कृत्य होऊ शकते, असे म्हटले. ॲल्युमिनियम तयार करण्यास विजेचा फार मोठा खर्च येतो. घडवून झालेली एक चांगली फ्रेम आणखी दहा वर्षे रस्त्यावर चालली, तर तेवढा भार सृष्टीवरून उतरतो. परंतु इथेही सावध राहावे. स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली आणि गॅलरीत पडून राहिलेली तिसरी सायकल ही काटकसर नव्हे. ती जुन्या वस्तूच्या रूपाने आलेली नवी हौस आहे.

उरलेल्या दिवसांची किंमत

वापरलेल्या वस्तूची रास्त किंमत कशी ठरवावी, याचे एक मार्गदर्शन पवित्र शास्त्रात अनपेक्षित ठिकाणी सापडते. लेवीयच्या 25 व्या अध्यायात जमिनीच्या खरेदी-विक्रीचा नियम आहे. पन्नासाव्या वर्षी, म्हणजे योबेल वर्षी, जमीन मूळ कुटुंबाकडे परत जात असे. म्हणून विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने पुढच्या योबेलपर्यंत किती पिके उरली आहेत ते मोजावे, वर्षे जास्त तर किंमत जास्त, वर्षे थोडी तर किंमत थोडी, आणि एकमेकांना नाडू नये, असे तिथे सांगितले आहे. विकली जाते ती खरे पाहता उरलेली पिके.

सायकलीचेही तसेच आहे. आपण ती केवढ्याला घेतली होती, तिच्यावर आपले किती प्रेम आहे, किंवा तिच्यावर बसून आपण कुठवर गेलो, याला बाजारात मोल नाही. घेणाऱ्याला तिच्यातून अजून किती चाल मिळणार, हे खरे मोल. ते बऱ्याच अंशी मोजता येते. साखळीचेच पाहा. नव्या साखळीच्या चोवीस कड्यांची लांबी बरोबर बारा इंच भरते. वापराने पिना झिजतात आणि साखळी लांबते. ती एक सोळांश इंच वाढली की बदलण्याची वेळ आली. एक अष्टमांश इंच वाढली तर तिने मागच्या दातेरी चक्रांनाही झिजवले असे समजावे, आणि मग खर्च दुपटी-तिपटीने वाढतो. साधी फूटपट्टी आणि दोन मिनिटे पुरतात. टायर, ब्रेकचे रबर, चाकातल्या बेअरिंगची खरखर, रिमची झीज, हेही असेच मोजता-पाहता येते. विकणारा आणि घेणारा यांनी शेजारी बसून हे मोजले आणि त्यावरून भाव ठरवला, तर लेवीयचा नियम त्यांनी पाळला असे खुशाल म्हणावे.

लपलेली भेग

मात्र सर्वच काही फूटपट्टीने मोजता येत नाही. विकणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्याला दिसत नाही, असेही काही उरते.

संत थॉमस अक्वायनस यांनी 13 व्या शतकात ‘सुम्मा थिओलॉजिया’ या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. दुसऱ्या भागाच्या दुसऱ्या खंडातला तो 77 वा प्रश्न. सेमिनरीत तो शिकताना त्यातील घोडे आणि घरे आम्हांला फार जुन्या जगातली वाटत. आता ती आपल्या गल्लीतली वाटतात. संत थॉमस दोषांचे दोन प्रकार करतात. एक दोष उघड दिसणारा असतो: घोडा एका डोळ्याने आंधळा आहे. विकणाऱ्याने त्या मानाने किंमत कमी केली असेल, तर त्याने तो दोष तोंडाने सांगितलाच पाहिजे असे नाही. दुसरा दोष लपलेला असतो, आणि त्यातून घेणाऱ्याला इजा किंवा नुकसान होऊ शकते. लंगडा घोडा वेगवान म्हणून विकणे, पडायला आलेले घर भक्कम म्हणून विकणे, नासलेले अन्न चांगले म्हणून विकणे ही त्यांची उदाहरणे. असा दोष सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. तो लपवून केलेली विक्री अन्यायाची आहे आणि झालेले नुकसान त्याने भरून दिले पाहिजे.

हे भेद सायकलीला तंतोतंत लागू पडतात. रंग उडालेला, सीट फाटलेली, हँडलवरची पट्टी मळलेली, हा एका डोळ्याचा घोडा, पाहणाऱ्याला दिसतोच. खाऱ्या हवेत सीटचा दांडा फ्रेमच्या नळीत गच्च धरून बसला आहे आणि वरखाली होत नाही, हा दोष हात लावल्याशिवाय कळत नाही आणि दुरुस्त करताना फ्रेम खराब होण्याचाही संभव असतो. तो सांगितला पाहिजे. परंतु सर्वांत गंभीर दोष म्हणजे अपघातात दुखावलेली कार्बनची फ्रेम किंवा पुढचा फोर्क. लोखंड मार बसला की बहुधा वाकते आणि आपले दुखणे दाखवते. कार्बनचे तसे नाही. आतले थर सुटलेले असतात, वरून रंग शाबूत असतो, महिनोन् महिने सायकल चालते, आणि मग एखाद्या खड्ड्यावर फोर्क एकाएकी तुटतो. गायमुखच्या उतारावर ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरचा वेग असताना तो तुटला तर काय होईल, हे सांगायला नको. अशी सायकल पडली होती हे माहीत असून जो गप्प राहतो, तो आपला तोटा दुसऱ्याच्या जिवावर ढकलतो. तिथे चोरीविरुद्धच्या सातव्या आज्ञेबरोबर पाचवी आज्ञाही उभी राहते.

संत थॉमस यांचा विचार कठोर आहे, पण तो अवास्तव नाही. दोष आहे म्हणून त्याची दवंडी पिटण्याची गरज नाही, असे ते म्हणतात. तसे केले तर वस्तूचे इतर गुण न पाहताच लोक दूर जातील. परंतु जो प्रत्यक्ष घ्यायला येतो, त्याला मात्र तो दोष सांगितला पाहिजे, म्हणजे गुण-दोष दोन्ही तोलून त्याला निर्णय करता येईल. आजच्या भाषेत सांगायचे तर, जाहिरातीच्या पहिल्या ओळीतच भेगेचे वर्णन लिहिलेच पाहिजे असे नाही. पण घरी आलेल्या माणसाने पैसे काढण्यापूर्वी त्याला ते कळले पाहिजे. तसेच, विकणाऱ्याला स्वतःलाच दोष ठाऊक नव्हता तर त्याच्या हातून पाप घडले नाही. परंतु नंतर तो कळला तर भरपाईचे कर्तव्य सुरू होते. तीन महिन्यांपूर्वी विकलेल्या सायकलीचा फोर्क आपल्याच घरातल्या मुलाने एकदा भिंतीवर आपटला होता, हे आज समजले, तर आज रात्रीच फोन करावा. व्यवहार झाला म्हणून संबंध संपला असे नाही.

अर्थात ठाऊक असलेली प्रत्येक गोष्ट सांगितलीच पाहिजे असेही नाही. पुढच्या महिन्यात नवे मॉडेल येणार आणि जुन्याचा भाव उतरणार, ही बातमी विकणाऱ्याला लागली आहे. ती त्याने सांगावी काय? याच स्वरूपाचा प्रश्न सिसेरोने ख्रिस्तपूर्व 44 मध्ये आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात मांडला होता: दुष्काळी ऱ्होड्स बेटावर धान्य घेऊन पोहोचलेल्या व्यापाऱ्याने, मागून आणखी गलबते येत आहेत हे लोकांना सांगावे की नाही? सिसेरोचे मत सांगावे असे होते. संत थॉमस म्हणतात, न सांगण्याने न्यायाचा भंग होत नाही, मात्र सांगितले तर तो अधिक मोठा सद्गुण. आजच्या बाजारभावाने वस्तू देणारा उद्याच्या भावाचा जामीन नसतो. वस्तूतच असलेला दोष आणि बाजारात उद्या होणारा बदल, यांतला हा फरक ध्यानात ठेवावा, म्हणजे नसत्या अपराधभावनेने मन ग्रासणार नाही.

कायद्यातला घोडा

आता कोणी म्हणेल, कायदा काय सांगतो? 1872 चा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. त्याच्या 17 व्या कलमात कपट म्हणजे काय ते सांगितले आहे, आणि ते समजावण्यासाठी दिलेल्या उदाहरणांतही घोडाच आहे. एक मनुष्य लिलावात आपला घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे. तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, हे कपट नव्हे. लगेच पुढचे उदाहरण येते. तो घोडा घेणारी जर विकणाऱ्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य होते. त्यापुढे तिसरे: घेणारा जर म्हणाला की, तुम्ही नाकारले नाही तर मी घोडा निर्दोष समजेन, आणि विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच धरले जाईल.

कायद्याला आम्ही दोष देत नाही. कायदा ही सर्वांसाठी आखलेली खालची मर्यादा आहे. सर्व सद्गुण त्याने सक्तीने करवून घेतले तर बाजार आणि न्यायालये दोन्ही बंद पडतील. पण या उदाहरणांत किती मोठे सत्य सहज सांगून टाकले आहे ते पाहावे. घोडा तोच, दोष तोच, किंमत तीच. बदलते ते फक्त समोरच्या माणसाशी असलेले नाते. परका असेल तर गप्प राहता येते, मुलगी असेल तर नाही.

शुभवर्तमानात एका शास्त्र्याने येशूला विचारले होते, माझा शेजारी कोण? संत लूकने ते 10 व्या अध्यायात नोंदवले आहे. त्या शास्त्र्यालाही मर्यादारेषा हवी होती: कोणापर्यंत माझे कर्तव्य आणि कोणापासून पुढे नाही. प्रभूने रेषा आखून दिली नाही. त्याने दयाळू शोमरोन्याचा दृष्टान्त सांगितला आणि जखमी परक्याचा शेजारी कोण झाला, असा उलट प्रश्न विचारला. हा दृष्टान्त आपण दर वेळी रस्त्यावरच्या जखमी मनुष्यासाठी वाचतो. तो जखमी होण्यापूर्वी, आपल्या दारात पैसे घेऊन उभा असलेल्या मनुष्यासाठीही तो आहे, असे आम्हांला वाटते. कायद्याने फक्त मुलीला दिलेला हक्क ख्रिस्ताच्या अनुयायाने प्रत्येक घेणाऱ्याला दिला पाहिजे.

म्हणून आमच्याकडे सल्ला मागणाऱ्यांना आम्ही एकच कसोटी सांगतो. ही सायकल माझ्या मुलीला द्यायची असती, तर देताना मी तिला काय सांगितले असते? पुढचा ब्रेक जरा उशिरा लागतो, ही साखळी फार दिवस टिकणार नाही, आणि एकदा मी पडलो होतो तेव्हा फोर्क तपासून घे. तिला जे सांगितले असते तेच अनोळखी मुलाला सांगावे. आणि मुलीला ती द्यायचा धीरच झाला नसता, तर ती विकूही नये. भंगारात द्यावी, आणि फ्रेम पुन्हा कोणी वापरू नये म्हणून कापून द्यावी.

घेणाराही निर्दोष नव्हे

विकणाऱ्याविषयी इतके बोलल्यावर घेणाऱ्याला मोकळे सोडणे न्यायाचे होणार नाही. नीतिसूत्रांच्या 20 व्या अध्यायात घेणाऱ्याचे मोठे मार्मिक चित्र आहे: घेताना तो वस्तूला नावे ठेवतो आणि घेऊन गेल्यावर फुशारकी मारतो. हा मनुष्य आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. भाव पाडण्यासाठी नसलेला दोष सांगणे हे असलेला दोष लपवण्याइतकेच असत्य आहे.

याहून सूक्ष्म प्रसंगही येतो. मुलगा कॅनडाला गेला आहे. त्याची सायकल घरात अडगळ होऊन पडली आहे. आई ती पाच हजारांना द्यायला तयार आहे. पाहायला आलेल्या तरुणाला दिसते की सायकल कमीत कमी चाळीस हजारांची आहे. त्याने गप्प राहून घ्यावी काय? मोठी संधी मिळाली असे मित्र म्हणतील. संत थॉमस यांचे उत्तर निःसंदिग्ध आहे: विकणारा अजाणतेपणे सोने पितळ म्हणून देत असेल आणि घेणाऱ्याला ते कळत असेल, तर घेणाराही अन्याय करतो आणि त्यानेही भरपाई केली पाहिजे. संत ऑगस्टीन यांनी त्रैक्यावरील आपल्या ग्रंथात एका मनुष्याची हकीगत नोंदवली आहे. त्याच्याकडे एक हस्तलिखित विकायला आले. विकणाऱ्याला त्याचे मोल माहीत नव्हते आणि त्याने फार थोडे मागितले. घेणाऱ्याने त्याला न मागता रास्त किंमत दिली. स्वस्त घ्यावे आणि महाग विकावे ही सर्वांचीच इच्छा असते, या समजुतीला उत्तर म्हणून संत ऑगस्टीन ही हकीगत सांगतात. त्या तरुणाने निदान एवढे म्हणावे: मावशी, हिची किंमत जास्त आहे, मुलाला विचारून सांगा. सर्व ऐकल्यावर तिने खुशीने कमी घेतले तर ती तिची देणगी; मग ती कृतज्ञतेने घ्यावी.

गरजेचा फायदा घेणे हा याचाच दुसरा प्रकार. 2020 साली महामारीच्या काळात जगभर सायकलींना एकाएकी मागणी आली, सुटे भाग मिळेनासे झाले, नव्या सायकलीसाठी महिनोन् महिने थांबावे लागले आणि वापरलेल्या सायकलींचे भाव चढले. अशा वेळी काय करावे? संत थॉमस म्हणतात, वस्तू दिल्याने विकणाऱ्याला खरोखर तोटा होत असेल तर त्याने तेवढे जास्त घ्यावे. परंतु केवळ घेणारा अडला आहे म्हणून किंमत वाढवू नये, कारण ती अडचण विकणाऱ्याच्या मालकीची नव्हे. जे आपले नाही ते विकता येत नाही. 1992 च्या कॅथॉलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथातही दुसऱ्याच्या अज्ञानाचा किंवा अडचणीचा फायदा घेऊन भाव वाढवणे हा सातव्या आज्ञेचा भंग सांगितला आहे.

चोरीच्या सायकलीविषयी थोडक्यात. रोड बाइकच्या फ्रेमवर, बहुधा पायडलच्या आसाखाली, क्रमांक कोरलेला असतो. विकणारा मूळ पावती दाखवू शकत नाही, कुठून घेतली ते सांगत नाही आणि किंमत मात्र नवलाची कमी आहे, अशा वेळी चोरी आपण केली नाही ना, असे म्हणून डोळेझाक करू नये. 1930 च्या माल विक्री कायद्याचे सर्वसाधारण तत्त्व आहे की, विकणाऱ्याचीच मालकी नसेल तर ती घेणाऱ्याला मिळत नाही. सदसद्विवेकाचा नियम याहून सैल असू शकत नाही.

काही शंका

फादर, बाजारात सगळेच असे करतात, असे आम्हांला ऐकावे लागते. बेन सिराच्या ग्रंथात 27 व्या अध्यायात म्हटले आहे की, दोन दगडांच्या फटीत खुंटी रुतावी तसे पाप खरेदी आणि विक्री यांच्यामध्ये रुतून बसते. ते सर्वत्र असते हे शास्त्राला ठाऊक आहे. म्हणूनच तर सावध केले आहे.

घेणाऱ्याने तपासून घ्यायला हवे होते, ही दुसरी शंका. जे तपासून दिसते त्याबाबत ती रास्त आहे. जे तपासून दिसत नाही, त्याबाबत ती पळवाट आहे.

खरे सांगितले तर कोणी घेणार नाही, ही तिसरी शंका, आणि ती आम्ही हलकी मानत नाही. ज्या घरात ते पाच-दहा हजार रुपये शाळेच्या फीसाठी हवे आहेत, त्या घराला सत्याची किंमत खरोखरच मोजावी लागते. सद्गुण नेहमी फायद्याचा ठरतो असे आश्वासन आम्ही देऊ शकत नाही. शुभवर्तमानानेही ते दिलेले नाही. एवढेच म्हणतो की, लपवून मिळवलेले ते जास्तीचे पैसे आपले नव्हतेच. जक्कयाने प्रभूला घरी घेतल्यावर, ज्यांना नाडले त्यांना चौपट परत देण्याचे कबूल केले. आपल्याला तर फक्त जास्तीचे न घेण्याचेच सांगितले आहे.

आईवडिलांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. पुष्कळ मुलांच्या आयुष्यात सायकल ही स्वतः विकलेली पहिली मोलाची वस्तू असते. जमीन, घर, मोटार हे व्यवहार पुढे येतात. विकणारा होण्याचा पहिला धडा इथे मिळतो. घेणारा दारात आल्यावर बाप मुलाला बाजूला घेऊन, ते पडल्याचे काही बोलू नको, असे पुटपुटला, तर दहा वर्षांच्या धर्मशिक्षणाचे काम त्या एका वाक्याने पुसले जाते. आणि तोच बाप म्हणाला की, आधी त्यांना सगळे सांग, मग पैशांचे बोलू, तर त्या मुलाला पुढे प्रवचनातून वेगळे काही शिकवावे लागणार नाही.

दोन मौने

मौन नेहमीच वाईट असते असा समज होऊ नये, म्हणून शेवटी एका सायकलपटूचा उल्लेख करतो. इटलीच्या जिनो बार्ताली यांनी 1938 आणि 1948 अशी दोनदा ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत जिंकली. ते श्रद्धावान कॅथॉलिक होते. दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांनी इटली व्यापली असताना, फ्लॉरेन्सचे कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांच्या छायेखाली ज्यू कुटुंबांना लपवण्याचे काम चालले होते. त्यासाठी लागणारी बनावट ओळखपत्रे सायकलीत दडवून सरावाच्या मिषाने नेण्याच्या कामाबद्दल जेरुसलेमच्या याद वाशेम या संस्थेने 2013 साली, त्यांच्या निधनानंतर तेरा वर्षांनी, बार्तालींचा गौरव केला. हयातीत ते याविषयी फारसे बोललेच नाहीत.

सायकलीच्या पोकळ नळीत त्यांनीही काही लपवले होते. फरक एवढाच की, त्यांच्या मौनाने परक्यांचा जीव वाचत होता आणि धोका त्यांच्या स्वतःच्या अंगावर होता. भेग लपवणाऱ्याच्या मौनाने स्वतःचे पैसे वाचतात आणि धोका परक्याच्या अंगावर जातो. मौन कोणासाठी धरले, यावर त्याची परीक्षा होते. लोम्बार्डीत कोमो सरोवराजवळच्या टेकडीवर घिसाल्लोच्या मरियामातेचे लहानसे मंदिर आहे. पोप बारावे पायस यांनी 1949 साली तिला सायकलस्वारांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. आपल्या मुलांना तिच्या हवाली करताना, त्यांच्या सायकली ज्यांच्याकडून आल्या आणि ज्यांच्याकडे जाणार, त्या सर्वांनाही तिच्या हवाली करावे.

तेव्हा नवी की जुनी? हमी आणि निर्धास्तपणा हवा असेल, ऐपत असेल आणि सायकल खरोखर वापरली जाणार असेल, तर नवी घ्यावी, त्यात कमीपणा नाही. जाणकार मनुष्य सोबत असेल आणि विकणारा विश्वासू असेल, तर जुनी घ्यावी, त्यातही कमीपणा नाही. जुनी घेताना किंवा देताना एक साधा कागद करावा. सायकल केव्हा घेतली, फ्रेमचा क्रमांक काय, कोणते भाग बदलले, कधी पडली होती का, आज तिच्यात काय काय दोष आहेत, हे त्यावर लिहावे आणि दोघांनी सह्या कराव्यात. अर्ध्या तासाचे काम आहे. असा कागद लिहून दिलेल्या घराने, ती सायकल पुढे रस्त्यात दिसली तर, तोंड फिरवण्याचे कारण नाही. चालवणाऱ्याला हाक मारून विचारावे, कशी चालते आहे?